मिडसाइज क्रॉसओव्हर एसयूव्ही फॅमिलीसाठी घ्यायची का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकलंय. अमुकच कंपनीची घ्या असं इथे काही सांगणार नाहीये, गाडी बघायची कशी एवढंच आहे. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको: फॅमिली कार ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवू नका, मागच्या सीटवर बसून आणि डिकी उघडून ठरवा. पुढे बसून सगळ्याच गाड्या भारी वाटतात.

क्रॉसओव्हर म्हणजे एसयूव्हीच ना?

दिसायला एसयूव्ही, आतून कार. जुन्या धाटणीच्या एसयूव्हीत खाली शिडीसारखी वेगळी चॅसी असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते, क्रॉसओव्हरमध्ये दोन्ही एकच असतं, त्याला मोनोकॉक म्हणतात, आणि बऱ्याचदा खालचा प्लॅटफॉर्म एखाद्या सेडान किंवा हॅचबॅकचाच असतो. १९९४ ला टोयोटा आरएव्ही४ आली, पुढच्या वर्षी होंडा सीआर-व्ही, आणि तिथून लोकांना याची सवयच लागली. फायदा असा की वजन कमी, फ्लोअर खाली, वळणावर गाडी कमी डोलते, अ‍ॅव्हरेज बरं मिळतं. तोटा असा की जड ट्रेलर ओढायचा किंवा खरोखर दगडधोंड्यांत घालायची तर ती हिची कामं नाहीत. फॅमिलीतल्या किती लोकांना ती कामं असतात हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

मिडसाइज म्हणजे नक्की केवढी?

याला जगभर चालेल असं एकच उत्तर नाही, एका बाजारात ४.३ मीटरच्या गाडीला मिडसाइज म्हणतात आणि दुसरीकडे ४.८ मीटरच्या. त्यामुळे नावाकडे बघू नका, लांबी, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि आरशांसकट रुंदी हे तीन आकडे बघा. व्हीलबेस जास्त म्हणजे मागे पाय ठेवायला जागा मिळायची शक्यता जास्त. आरशांसकट रुंदी ब्रोशरमध्ये कुठेतरी बारीक अक्षरात असते, पण पार्किंगमध्ये तीच नडते, शेजारी गाडी लागल्यावर दार किती उघडतं आणि त्या फटीतून मूल उचलून बाहेर काढता येतं का, हे टेप घेऊन मोजून बघा, लाजायचं काही कारण नाही.

चाइल्ड सीट कुठल्याही गाडीत बसते ना? आयसोफिक्स तर सगळ्यांनाच असतं.

बसते आणि नीट बसते यात बराच फरक आहे, म्हणून या प्रश्नाला जरा जास्त वेळ देतो.

पहिली गोष्ट, आयसोफिक्स म्हणजे चाइल्ड सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायची सोय, आणि तिचे हूक बहुतेक गाड्यांत मागच्या दोन कडेच्या सीटनाच असतात, मधल्या सीटला नसतात. म्हणजे तीन मुलं असतील तर तिसरी सीट बेल्टने बांधावी लागणार, आणि तिथे रुंदीची मारामारी सुरू होते. शोरूममध्ये तीन मोठी माणसं मागे बसून बघतात आणि खूश होतात, पण माणूस खांदा तिरका करून सरकून घेतो, चाइल्ड सीट सरकत नाही. दोन सीट लावल्यावर मध्ये बसणाऱ्याला बेल्टच्या खाचेपर्यंत हात नेता येतो का हे बघा. खाच सीटच्या फोममध्ये रुतलेली असेल तर दर वेळी बोटांनी चाचपत क्लिक ऐकू येईपर्यंत खटपट करावी लागते, आणि रोज सकाळी हे कोण करणार.

दुसरी गोष्ट, मागे तोंड करून बसवायची सीट. युरोपच्या आर१२९ नियमाप्रमाणे मूल किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवायचं, त्यापेक्षा जास्त काळ बसवलं तर आणखी चांगलं. ही सीट खूप जागा खाते. ती ड्रायव्हरच्या मागे लावली की पुढची सीट सरकवावी लागते, आणि उंच ड्रायव्हर असेल तर गुडघे डॅशबोर्डला टेकतात. त्यामुळे घरातली सगळ्यात उंच व्यक्ती पुढे, तिच्या मागे ही सीट, अशी मांडणी करून बघितल्याशिवाय मागे भरपूर जागा आहे या वाक्याला काही अर्थ नाही. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंड केलेली सीट कधीच लावायची नाही हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

तिसरी गोष्ट कुणी बघतच नाही. काही चाइल्ड सीटना खाली एक पाय असतो जो गाडीच्या फ्लोअरवर टेकतो. काही गाड्यांत नेमका तिथे फ्लोअरखाली सामानाचा कप्पा असतो, वर नुसतं झाकण. त्या झाकणावर पाय टेकवायचा की नाही हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. वरचा पट्टा, म्हणजे टॉप टेदर, कुठे अडकवायचा तेही बघा, काही गाड्यांत तो सीटच्या पाठीला असतो, काहींत डिकीच्या फ्लोअरला किंवा छताला, आणि मग सामानावरचा पडदा आणि तो पट्टा यांची भांडणं लागतात.

आणि हो, आयसोफिक्सला वजनाची मर्यादा असते, आय-साइज (म्हणजे त्याच आर१२९ नियमातल्या) सीटमध्ये मूल आणि सीट मिळून ३३ किलो. मूल मोठं झालं की बूस्टर आणि गाडीचा बेल्ट.

पाच सीटर घेऊ की सात सीटर?

आधी हे ठरवा की सहावा आणि सातवा माणूस वर्षातून किती वेळा बसणारे. कधीतरी पाहुणे आले तर, असं उत्तर असेल तर पाच सीटर घ्या, सात सीटरचं वजन आणि डिकीची गोची रोजच्या रोज कशाला वाहायची.

मिडसाइज क्रॉसओव्हरची तिसरी रांग बहुतेक वेळा मुलांसाठीच असते. फ्लोअर उंच, सीट खाली, त्यामुळे गुडघे छातीशी येतात, इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी फ्लोअरखाली असते म्हणून हा त्रास जरा वाढतोच. टेस्ट करायची तर अशी करा: मधल्या रांगेत चाइल्ड सीट लावलेली असताना तिसऱ्या रांगेत जाता येतं का. पुष्कळ गाड्यांत मधली सीट दुमडून पुढे उडवायची असते, पण तिच्यावर चाइल्ड सीट बांधलेली असली की ती उडत नाही, म्हणजे मागची वाट बंद. मधल्या रांगेत दोन वेगळ्या सीट असतील तर मधून वाट मिळते, पण तुमची गाडी सहा सीटर होते.

तिसऱ्या रांगेच्या डोक्यामागे काच किती जवळ आहे, एसीचे व्हेंट आहेत का, आणि साइड कर्टन एअरबॅग तिथपर्यंत पोचते का, हे तीन प्रश्न सेल्समनला नक्की विचारा.

डिकी ५०० लिटर आहे म्हणे, पुरेल का?

लिटर कसे मोजलेत त्यावर आहे. एक पद्धत आहे व्हीडीए, तिच्यात २०० × १०० × ५० मिलिमीटरचे एकेक लिटरचे ठोकळे भरून मोजतात. काही कंपन्या खिडकीच्या रेषेपर्यंत मोजतात, काही थेट छतापर्यंत, काही फ्लोअरखालचा चोरकप्पाही धरतात. त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करताना आधी मोजणी सारखी आहे का ते बघा, आणि सात सीटरचा आकडा बघताना तिसरी रांग उभी असताना किती ते विचारा, कारण जाहिरातीत ती पाडलेली असते.

खरं काम आकार करतो, लिटर नाही. मागची काच तिरकी कापलेली असली, म्हणजे ती कूपेसारखी स्टाइल, की बाबागाडी आडवी जाते पण वर दुसरं काही ठेवता येत नाही. चाकांचे उंचवटे आत आलेले असले की मोठी बॅग आडवी बसत नाही, तिरकी घालावी लागते. डिकीची कड जमिनीपासून किती उंच आहे ते बघा, जड बॅग रोज मांडीच्या उंचीपर्यंत उचलायची आणि कमरेपर्यंत उचलायची यात पाठीला फार फरक पडतो. दार उघडल्यावर उंच माणसाचं डोकं आपटतं का, आणि बुटक्या माणसाचा हात दार खाली ओढायला पोचतो का, दोन्ही बघा.

सोपा उपाय: तुमची बाबागाडी आणि सगळ्यात मोठ्या दोन बॅगा घेऊनच शोरूमला जा. लोक बघतात, बघू देत.

सात माणसं आणि सगळं सामान, गाडी ओढते का?

इंजिन ओढेल हो, प्रश्न गाडी किती वजन वाहू शकते हा आहे. एकूण परवानगी असलेल्या वजनातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतं ते पेलोड. समजा ते ५०० किलो आलं. ७५ किलोची पाच माणसं म्हणजे ३७५ झाले, उरले १२५, त्यात सगळं सामान. सात माणसं म्हणजे ५२५, म्हणजे बॅगा ठेवायच्या आधीच मर्यादा पार. मुलं हलकी असतात म्हणून चालून जातं, पण सात मोठी माणसं आणि छतावर सामान हा हिशोब बऱ्याच मिडसाइज गाड्यांना झेपत नाही. युरोपियन पद्धतीत गाडीच्या वजनात ७५ किलोचा ड्रायव्हर आधीच धरलेला असतो, तेवढं बघून घ्या नाहीतर तो दोनदा मोजला जाईल.

छताची मर्यादा वेगळी असते, साधारण ७५ ते १०० किलोच्या घरात, आणि त्यात कॅरिअरचं वजनही आलं. आणि भरलेल्या गाडीत टायरची हवा वाढवायची असते, किती ते दारातल्या स्टिकरवर किंवा पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. तिकडे कुणी बघत नाही.

फाइव्ह स्टार आहे म्हणजे सेफ, बरोबर?

स्टार कुणी दिले आणि कुठल्या वर्षी दिले ते बघा. युरो एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून स्टार देणारी युरोपातली संस्था, तिचे पहिले निकाल १९९७ ला आले, तेव्हापासून परीक्षा कडक होत गेलीय, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच स्टार आणि आत्ताचे पाच स्टार एकाच मापाने मोजता येत नाहीत. शिवाय तुम्ही घेताय त्या व्हेरिएंटला तेवढ्याच एअरबॅग आहेत का, हा प्रश्न आहेच.

फॅमिलीच्या दृष्टीने मला एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकेच्या आयआयएचएस या संस्थेने २०२२ पासून आपल्या समोरासमोर धडकेच्या एका टेस्टमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरही एक डमी बसवायला सुरुवात केली, लहान चणीच्या बाईएवढी किंवा १२ वर्षांच्या मुलाएवढी. कारण पुढच्या सीटचे बेल्ट आणि एअरबॅग सुधारत गेले पण मागची सीट तिथेच राहिली होती, आणि पुढच्यांसाठी छान रेटिंग असलेल्या काही गाड्यांचे निकाल मागच्या डमीमुळे घसरले. मागे बसणारी माणसं कोण, तर आपली मुलं. म्हणून विचारा: मागच्या बेल्टला प्रीटेन्शनर (धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारा) आणि लोड लिमिटर (छातीवर फार दाब येऊ नये म्हणून बेल्ट थोडा सैल सोडणारा) आहे का, मागच्या बेल्टची आठवण देणारी घंटी आहे का, मधल्या सीटला तीन पॉइंटचा बेल्ट आणि हेडरेस्ट आहे का.

ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा, बेस मॉडेलपासून हवीच. उंच गाडीत तर नक्कीच, कारण गुरुत्वमध्य वर असतो. आपोआप ब्रेक लावणारी सिस्टिमही चांगली, फक्त टेस्ट ड्राइव्हला ती उगाच दचकवते का ते बघून घ्या, नाहीतर लोक वैतागून बंद करून ठेवतात.

उंच गाडी म्हणजे सगळं स्पष्ट दिसतं, हा तर फायदाच आहे ना?

लांबचं छान दिसतं, जवळचं कमी दिसतं. बॉनेट उंच आणि चपटं असलं की पुढे उभं असलेलं लहान मूल पूर्ण झाकलं जाऊ शकतं. आयआयएचएसच्याच २०२३ च्या अभ्यासात, साधारण १ मीटरपेक्षा उंच बॉनेटच्या गाड्यांची धडक पायी चालणाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता, खालच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा ४५ टक्क्यांच्या आसपास जास्त दिसली. क्रॉसओव्हरमध्येही उतरत्या बॉनेटच्या गाड्या मिळतात. मागचा कॅमेरा हवाच, पुढचे सेन्सर मिळत असतील तर घ्या. चाचणी सोपी आहे: तुम्ही सीटवर बसा, मुलाला गाडीसमोर (बंद गाडीसमोर, चावी खिशात) मागे मागे चालायला सांगा आणि डोकं कुठून दिसायला लागतं ते बघा. काही गाड्यांत अंतर ऐकून घाम फुटतो.

ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, लागते का?

बर्फ, चिखल, ओला चढ, यापैकी काही नेहमीचं असेल तर हो. नसेल तर नको. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी निघायला मदत करते, थांबायला करत नाही, ब्रेक सगळ्या गाड्यांना चारही चाकांनाच असतात, आणि थांबायचं काम शेवटी टायरचं. चांगले टायर घातलेली टू व्हील ड्राइव्ह गाडी गुळगुळीत टायरवाल्या ऑल व्हीलपेक्षा कधीही बरी. वजन वाढतं, अ‍ॅव्हरेज घटतं, आणि चारही टायरची झीज जवळपास सारखी ठेवावी लागते, एक फाटला तर काही गाड्यांत चारही बदलायची वेळ येते.

ग्राउंड क्लिअरन्स?

आकडा रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या, ते विचारा. बाकी फार डोकं लावू नका.

पेट्रोल, डिझेल, हायब्रिड की इलेक्ट्रिक?

गाडी रोज किती आणि कशी फिरणार त्यावर. शाळा, ऑफिस, बाजार असे छोटे छोटे फेरे असतील तर डिझेल घेऊ नका, तिच्यातला डीपीएफ फिल्टर काजळी धरतो आणि ती जाळायला धूर पुरेसा तापावा लागतो, त्यासाठी बराच वेळ सलग पळायला हवं. पळत नसेल तर फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, वर्कशॉपच्या वाऱ्या सुरू. सलग लांब पल्ला आणि भरलेली गाडी असेल तर डिझेल अजूनही मस्त.

फुल हायब्रिड शहरात कमाल करते, कारण ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद बॅटरीत जाते आणि सिग्नलला इंजिन बंद असतं, हायवेवर मात्र तिचा फायदा कमी होतो. माइल्ड हायब्रिड म्हणजे नुसती इंजिनाला थोडी मदत, बॅजवर भुलू नका. प्लग-इन हायब्रिड तेव्हाच घ्या जेव्हा रोज चार्ज करणार, नाहीतर जड बॅटरी फुकट वाहून नेताय. इलेक्ट्रिक घरी चार्जिंग असेल तर सगळ्यात निवांत.

टर्बो पेट्रोलबद्दल एकच, छोटं इंजिन आणि भरलेली गाडी असं कॉम्बिनेशन असेल तर टेस्ट ड्राइव्ह एकट्याने करू नका, सगळ्यांना बसवून चढावर नेऊन बघा, ब्रोशरमधलं अ‍ॅव्हरेज त्या दिवशी विसरायचं.

मुलांना गाडी लागते, क्रॉसओव्हरमध्ये जास्त लागते का?

उंच गाडी जास्त डोलते, आणि वर खिडकीची रेषा उंच असली की मुलांना बाहेरचं दिसतच नाही, समोर सीटची पाठ आणि हातात मोबाइल, मग उलटी होणार नाही तर काय. गाडी निवडताना मुलाला त्याच्याच सीटवर बसवा आणि बाहेर काय दिसतं ते त्यालाच विचारा. तिसऱ्या रांगेत जास्त त्रास होतो कारण ती मागच्या चाकांच्या वर असते आणि प्रत्येक गचका थेट पोचतो. इलेक्ट्रिक गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी झपकन मंदावते, ते सेटिंग कमी करता येतं, मुलं असताना कमी ठेवा.

मोठी अलॉय व्हील्स हेही एक कारण. १९ किंवा २० इंची चाकांना टायरची भिंत पातळ, खड्ड्यात दणका बसतो आणि टायर कापला जायची भीतीही जास्त. त्याच गाडीचं १७ किंवा १८ इंची व्हेरिएंट असेल तर ते घ्या, फोटोत कमी भारी दिसेल, मागे बसलेले दुवा देतील.

स्टेपनी नाही, नुसता पंक्चर किट आहे, चालेल का?

खिळा घुसला तर चालेल, टायर बाजूने फाटला तर किटचा काही उपयोग नाही. रात्री, मुलं झोपलेली, रस्ता ओसाड, अशी वेळ येऊ शकत असेल तर स्टेपनीचा ऑप्शन विचारा. छोटी स्टेपनी मिळाली तर तिच्यावर बहुतेक वेळा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते, आणि फुल साइज मागाल तर डिकीचा फ्लोअर वर येतो.

मोठी स्क्रीन हवी का?

स्क्रीन असू दे, पण एसी आणि आवाज कमी-जास्त करायला बटण हवंच. मागून रडण्याचा आवाज येतोय आणि तुम्ही चालत्या गाडीत पंख्यासाठी तीन मेनू उघडताय, हे बरोबर नाही.

त्यापेक्षा एमपीव्ही, म्हणजे व्हॅनसारखी ऐसपैस फॅमिली गाडी, बरी नाही का?

खरं सांगायचं तर पुष्कळ घरांसाठी हो. सरकती दारं असतील तर अरुंद पार्किंगचा प्रश्नच मिटतो, फ्लोअर खाली, तिसरी रांग माणसांची, डिकी चौकोनी. लोक घेत नाहीत कारण ती दिसायला कंटाळवाणी असते, आणि मला त्यात गैर काही वाटत नाही, गाडी आवडलीही पाहिजे. क्रॉसओव्हर खरी जिंकते ती चढण्या-उतरण्यात. सीटची उंची कमरेच्या लेव्हलला येते, गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना खाली वाकावं लागत नाही आणि वर चढावंही लागत नाही, मुलाला सीटमध्ये बसवताना आपली पाठ वाचते. म्हणून आजी-आजोबांना सोबत न्या, दाराची खालची पट्टी रुंद असेल तर पाय ओलांडून टाकताना ते अडखळतात, ते त्यांनी केल्याशिवाय कळत नाही.

टॉप मॉडेल घेऊ की मधलं?

सेफ्टीची सगळी उपकरणं, मागचे एसी व्हेंट आणि मागचा कॅमेरा जिथे पूर्ण होतात तिथे थांबा. बऱ्याचदा ते मधलंच व्हेरिएंट असतं. त्यावरचं सगळं हौस, हौसेला मोल नसतं पण हप्ता असतो.

आणि सनरूफ?

पॅनोरमिक सनरूफ घेतलं की आतली उंची काही सेंटिमीटरने कमी होते. मागच्या सीटवर उंच माणूस ताठ बसवून बघा, डोकं टेकत असेल तर नको, टेकत नसेल तर मुलांना आवडतं, घ्या. फक्त चालू गाडीत कुणी त्यातून उभं राहायचं नाही, मूल असो की मोठं.